सातऱ्यावरचा उजेड

आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर भागात थंडी सरत आली की मिरचीचे सातरे, म्हणजे मिरची खुडायच्या जागा, लागतात. टिनाच्या शेडखाली वाळलेल्या मिरचीचे ढीग, भोवती बसलेल्या बाया, तोंडाला गच्च बांधलेला फडका आणि दिवसभर एकच काम. देठ खुडायचा, लाल मिरची एकीकडे टाकायची, फटकी दुसरीकडे. फटकी म्हणजे रंग उडालेली, पांढुरकी पडलेली, डाग धरलेली मिरची. तिचा भाव वेगळा, तिचं पोतं वेगळं. माझी आई मला समजायला लागल्यापासून सातऱ्यावर जाते. मजुरी किलोवर असते, त्यामुळे अंधार असतानाच बाया येऊन बसतात आणि ढीग मोठा असला तर दिवेलागणीनंतरही उठत नाहीत.

मी आठवीत असताना आमच्या घरात आणि सातऱ्यावर एलईडी बल्ब आले. २०१५ च्या जानेवारीत केंद्राची उजाला योजना सुरू झाली होती आणि ९ वॅटचा बल्ब स्वस्तात मिळू लागला होता. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब काढून तो लावला की उजेड तेवढाच किंवा थोडा जास्तच, आणि वीज जवळपास सहावा-सातवा हिस्सा. बिल खरोखर कमी झालं. बाबा तर त्या बल्बकडे कौतुकानं पाहायचे. आई मात्र पहिल्याच हंगामात म्हणाली, "ह्या उजेडात मिरची मेल्यावानी दिसते वो. रात्री लाल म्हणून टाकली, सकाळी पाह्यलं तं फटकी निघाली." सकाळी मुनीम पोतं उलटवायचा आणि दोन-दोन तासांचं काम पुन्हा करावं लागायचं. त्या दोन तासांचे पैसे कोणी देत नसे.

तेव्हा मला वाटलं होतं, आईचे डोळे कमजोर झाले असतील. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढची आठ-नऊ वर्षं मी तसंच समजत होते आणि ते चूक होतं.

नागपूरला इंजिनिअरिंग करून एम.टेक.ला मटेरियल्स घेतलं. दुसऱ्या सत्रात एलईडीवर एक तास होता. सरांनी फळ्यावर पांढऱ्या एलईडीचा वर्णपट काढला, म्हणजे उजेडात कोणत्या तरंगलांबीचा रंग किती आहे ते दाखवणारी रेघ. ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचा उंच सुळका, मग पिवळ्याचा पसरट डोंगर, आणि ६०० च्या पुढे ती रेघ उतरत उतरत जमिनीला टेकलेली. सर सांगत होते, की आत खरं तर निळाच एलईडी असतो. तो प्रखर निळा एलईडी १९९३ मध्ये शुजी नाकामुरांनी जपानमध्ये करून दाखवला, त्याआधी अकासाकी आणि अमानो यांनी गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवले, आणि या तिघांना मिळून २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या चिपवर सेरियम घातलेल्या यट्रियम-अ‍ॅल्युमिनियम गार्नेटची पिवळी भुकटी बसवतात. थोडा निळा तसाच बाहेर येतो, थोड्याचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं.

मी त्या उतरत्या रेघेकडे पाहत बसले. लाल वस्तू लाल का दिसते? तिच्यावर पडलेल्या उजेडातला लाल ती परत फेकते म्हणून. उजेडातच लाल नसेल तर मिरची परत काय फेकणार? जुना पिवळा बल्ब तारेच्या उष्णतेवर जळायचा. तो वीज उधळायचा, पण त्याच्या उजेडात लाल भरपूर होता. नंतरच्या सीएफएलमध्येही युरोपियमची लाल भुकटी होतीच. आईचे डोळे ठीक होते. सातऱ्यावरचा लाल उजेड आम्हीच काढून घेतला होता.

बल्बच्या खोक्यावर सीआरआय म्हणून एक आकडा छापतात, बहुतेक ८० च्या वर. उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते माप. पण हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी आहे. गडद लाल हा नववा नमुना, त्याला आर९ म्हणतात, आणि तो सरासरीत धरतच नाहीत. नुसत्या पिवळ्या भुकटीच्या एलईडीचा आर९ शून्याच्या आसपास असतो, कधी शून्याच्या खालीही जातो. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा आणि तरीही मिरची मेलेली. हे वाचलं त्या रात्री मी हॉस्टेलवरून आईला फोन केला आणि म्हटलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "होय ना, मी तं तवाच सांगत होतो." आमच्याकडे बायाही बोलताना 'सांगतो', 'येतो'च म्हणतात.

विषय ठरला. लाल भुकटी.

आता लालच हवा तर कोणताही लाल का घालू नये, हा प्रश्न मला सरांनी पहिल्याच बैठकीत विचारला आणि त्याचं उत्तर शोधण्यात माझा महिना गेला. माणसाच्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो ५५५ नॅनोमीटरचा हिरवा. ६१५ ला तीच जाणीव साधारण ४४ टक्क्यांवर येते आणि ६५० ला जेमतेम १०-११ टक्के उरते. म्हणजे गडद लालाकडे जितकं सरकावं तितकी वीज खर्च होते पण डोळ्याला उजेड मिळत नाही. पसरट लाल भुकटी असली तर तिचा बराच भाग त्या अंधाऱ्या टोकाकडे वाया जातो. वीज वाचवायची आणि मिरचीही दाखवायची तर लाल हवा तो ६१५ च्या आसपास, आणि तोही अरुंद, सुईसारखा. असा लाल देणारा आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, तीन धन प्रभाराचा युरोपियम. १९६० च्या दशकात रंगीत टीव्हीला लाल रंग मिळाला तो याच्याच जोरावर. त्याचे उजेड देणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचाआड झाकलेले असतात, म्हणून त्याला कोणत्याही घरात, म्हणजे स्फटिकात, ठेवा, त्याच्या रेघांची जागा फारशी हलत नाही. फक्त घर पूर्ण सममित असलं तर ५९२ ची नारिंगी रेघ वर येते, आणि सममिती मोडलेली असली तर ६१५ ची लाल. कॅल्शियम मॉलिब्डेटमध्ये कॅल्शियमची जागा तशी मोडलेल्या सममितीची आहे. ते घर मी निवडलं.

बाजारात याहून भारी लाल भुकट्या आहेत, हे मान्य करते. नायट्राइडच्या आहेत, त्यांना नायट्रोजनमध्ये फार तापलेली भट्टी लागते. मँगनीज घातलेली पोटॅशियम फ्लोरोसिलिकेटची आहे, तिला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. आमच्या लॅबमध्ये एक मफल भट्टी, एक ओव्हन, एक तराजू आणि एक फ्यूम हूड. त्यात जे होईल तेच करायचं होतं.

आमच्याकडची पद्धत युरियाची. धातूंचे नायट्रेट पाण्यात विरघळवायचे, त्यात हिशेबानं युरिया घालायचा, पाक घट्ट करायचा आणि ५०० ते ५५० अंशांवर तापलेल्या भट्टीत सरकवायचा. नायट्रेट ऑक्सिजन पुरवतो, युरिया जळतो आणि त्या जाळाच्या उष्णतेतच भुकटी तयार होते. १९८८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्सली आणि पाटील यांनी अ‍ॅल्युमिना या पद्धतीनं काही मिनिटांत करून दाखवला होता. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळेच मोठे झाले. "आपल्या पोत्यातला युरिया नाई चालत का? काहून इकत घेते?" नाही चालत. शेतीच्या युरियाला कडुनिंबाचं लेपन असतं, २०१५ पासून सगळ्याच. लॅबला शुद्ध लागतो. पण रेणू तोच, कपाशीला दुसऱ्या खुरपणीनंतर आम्ही मुठीनं टाकतो तोच.

पहिला जाळ मी पाहिला तो आठवणीतून जात नाही. काचेच्या खिडकीतून पाहत होते. दुधी पाक आधी उकळला, मग फुगायला लागला, भाकरीला पापुद्रा सुटावा तसा एका बाजूनं उचलला गेला आणि अचानक आतून पिवळी ज्योत धावली. पाच-सात सेकंद. मग भट्टीत फक्त एक हलका, पोकळ, राखी रंगाचा फेस उरला, बोट लावलं तर चुरा होईल असा. तो खलबत्त्यात, म्हणजे अगेटच्या खलात, तासभर घोटायचा. मग ९०० अंशांवर चार तास भाजायचा, की उरलेला कार्बन जळून भुकटी पांढरी होते. घोटताना मनगट दुखायचं. आई दिवसभर देठ खुडते तेव्हा तिचं काय होत असेल हे मला खलावर बसून कळलं.

जून-जुलै आला आणि सगळं बिघडलं.

एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या हवेत ओल नसतेच, त्यामुळे मी बेफिकीर होते. पावसाळा लागला. कॅल्शियम नायट्रेटची बाटली उघडली की खडे घाम आल्यासारखे चमकायचे. बटर पेपरवर ठेवून वजन करेपर्यंत कागद ओला. तराजूवरचा आकडा स्थिर होईना, शेवटचा अंक वरच सरकत राहायचा. मी घाईघाईनं आकडा लिहून घ्यायचे आणि पुढे जायचे. त्या महिन्यात केलेल्या सहाच्या सहा नमुन्यांचा ९०० अंशांवर खडा झाला, क्रुसिबलला, म्हणजे भट्टीत ठेवायच्या वाटीला, चिकटला, खरवडून काढावा लागला. भुकटीत कोणता स्फटिक तयार झाला हे क्ष-किरणांनी दाखवणारं एक्सआरडी यंत्र आमच्याकडे नाही, दुसऱ्या संस्थेत नमुने पाठवून रांगेत थांबावं लागतं. तीन आठवड्यांनी आलेख आला तेव्हा कॅल्शियम मॉलिब्डेटच्या रेघांशेजारी मॉलिब्डेनम ऑक्साइडच्या रेघा उभ्या होत्या.

दोन दिवस मला काही सुचलं नाही. भट्टीला दोष दिला, बाटलीला दिला. मग सरांनी फक्त एवढं विचारलं, "तू कॅल्शियम तोललंस की पाणी तोललंस?" तेव्हा उजेड पडला. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. मी २३६ ग्रॅमला एक मोल धरत होते, पण तराजूवर त्यातलं बरंच पाणी होतं. कॅल्शियम कमी पडलं, मॉलिब्डेनम जास्त झाला. जास्तीचा मॉलिब्डेनम ऑक्साइड ७९५ अंशांनाच वितळतो, म्हणून ९०० ला सगळ्याचा खडा.

उपाय साधा होता. नायट्रेट तोलायचाच नाही. कॅल्शियम कार्बोनेट ओव्हनमध्ये सुकवून तोलायचा आणि त्याच्यावर नायट्रिक आम्ल थेंब थेंब सोडून नायट्रेट जागेवरच तयार करायचा. कार्बोनेट पावसाला भीक घालत नाही. भिंतीला मारलेला चुना सुकून शेवटी तेच होतो आणि दहा पावसाळे भिंतीवर टिकतो. आम्ल पडलं की फसफसतो, बुडबुडे थांबले की झालं. युरोपियमही मी तसाच केला, ऑक्साइड तोलून कोमट आम्लात विरघळवून. युरोपियम ऑक्साइड आम्ही ग्रॅमवर घेतो, त्यामुळे चमच्याच्या टोकावरचं कणभरही मी ब्रशनं झटकून परत घ्यायचे.

ऑगस्टपासून नमुने नीट यायला लागले. अंधाऱ्या खोलीत जायचं, बाजारात नोटा तपासायला मिळतो तो ३९५ नॅनोमीटरचा छोटा टॉर्च भुकटीवर मारायचा आणि पाहायचं. युरोपियमला उठवणाऱ्या दोन मुख्य रेघांपैकी एक ३९५ लाच आहे, दुसरी ४६५ ला. पांढरी भुकटी टॉर्चखाली लाल झाली. निखाऱ्यावरची राख फुंकल्यावर जसा आतून लाल उमलतो, तसा. पण फिका होता.

इथे एक हिशेब होता जो मी पुस्तकात वाचून सोडून दिला होता. कॅल्शियमचा प्रभार दोन, युरोपियमचा तीन. कॅल्शियमच्या जागी युरोपियम बसवला की एक प्रभार जास्त होतो, आणि तो जुळवायला स्फटिक स्वतःमध्ये कुठेतरी खोट पाडतो. त्या खोटेत ऊर्जा उजेड न होता उष्णता होऊन जाते. मग प्रत्येक युरोपियमबरोबर एक लिथियम घालायचा. तीन अधिक एक चार, आणि दोन कॅल्शियमचे मिळूनही चारच. लिथियम घातलेला नमुना आणि न घातलेला शेजारी शेजारी ठेवून मी टॉर्च मारला आणि मैत्रिणीला न सांगता विचारलं, कोणता उजळ? तिनं क्षणात बोट ठेवलं. मोजणीतही तेच आलं. युरोपियम किती घालायचा याचीही मर्यादा सापडली. वाढवत गेलं की एका टप्प्यापर्यंत उजेड वाढतो, मग आयन इतके जवळ येतात की ऊर्जा एकमेकांकडे ढकलत राहतात आणि शेवटी ती कुठल्यातरी खोटेत जिरते. माझ्या आठ नमुन्यांपैकी शेवटचे तीन महाग असूनही मंद होते.

एक उणीव मात्र या भुकटीत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. युरोपियम ज्यांवर उजेड पकडतो त्या ३९५ आणि ४६५ च्या रेघा अरुंद आणि दुबळ्या आहेत. नेहमीच्या ४५० च्या निळ्या चिपचा उजेड तिला जवळपास पकडताच येत नाही. त्यामुळे मला ३९५ ची जांभळी चिप घ्यावी लागली, भुकटी सिलिकोनमध्ये कालवून तिच्यावर थर द्यावा लागला. थर पातळ असला तर जांभळा बाहेर गळतो आणि तो डोळ्यासाठी बरा नाही. जाड केला तर लालच आत अडकतो. सप्टेंबर-ऑक्टोबर याच थरात गेले. त्यातच एकदा भट्टी ९०० ला असताना लाईट गेली आणि अर्धं भाजलेलं सगळं टाकून द्यावं लागलं. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुराडी जवळ, घरी जाताना उमरेडला कोळशाची खाण. एवढा कोळसा आमच्या जमिनीतून निघतो, जळतो, त्याची राख आमच्याकडे पडते. म्हणूनच मला युनिट वाचवण्याची मनापासून पर्वा आहे. पण बाईच्या डोळ्याला आणि हाताला दुप्पट काम लावून वाचवलेलं युनिट मी बचतीत धरत नाही.

जानेवारीत दिवा घेऊन गावी गेले. सातऱ्यावर टांगायला सरांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं, गळती पुरती मोजल्याशिवाय माणसांच्या डोक्यावर काही लावायचं नाही, आणि ते योग्यच होतं. म्हणून पुठ्ठ्याचं खोकं केलं. आतून पांढरा कागद, वरून पाहायच्या फटीला जांभळा अडवणारी पिवळसर फिल्म, आत दोन दिवे. एक घरातला साधा बल्ब, दुसरा माझा लाल. पहिला एकटा लावता येई किंवा दोन्ही मिळून, आणि उजेड दोन्ही वेळा सारखाच राहील असा जुळवला होता. शेजारच्या काकूनं दुपारच्या उन्हात वीस मिरच्या निवडल्या, लाल बारा, फटकी आठ. मी देठांना दोऱ्याच्या गाठी मारून ठेवल्या, आईला न दाखवता.

रात्री जेवणं झाल्यावर आई खोक्यासमोर बसली. आधी साधा बल्ब. तिनं एक एक मिरची बोटांत फिरवली, फटीशी नेली, परत फिरवली. चार फटक्या लालमध्ये गेल्या. मग मिरच्या मिसळून दोन्ही दिवे लावले. या वेळी तिचा हात थांबतच नव्हता. उचलायची, टाकायची. एकच चुकली. बाबा मध्येच म्हणाले, "आता तं सातऱ्यावानी हात चालून राहिला तुहा."

मिरच्या संपल्यावरही आईनं हात खोक्यातून काढला नाही. उलटासुलटा करून पाहत राहिली. मीही फटीतून वाकून पाहिलं. तिच्या नखांच्या कडा सुजून लाल होत्या, बोटांच्या पेरांवर मिरचीनं भाजलेले बारीक लाल ठिपके होते. गेले चार दिवस मी त्याच घरात, त्याच बल्बखाली तिच्यासोबत जेवत होते आणि मला ते दिसले नव्हते. "रोजचंच हाय वो," ती म्हणाली, आणि हात पदराखाली घेतला. मी उठून खोबरेल तेल आणलं.

वीस मिरच्या आणि एक माय म्हणजे अभ्यास नाही, हे सर सांगतील आणि मलाही ठाऊक आहे. आधी कोणता दिवा लावायचा याचा क्रम बदलून, सातऱ्यावरच्या वेगवेगळ्या वयाच्या बायांकडून हे पुन्हा करायचं आहे. आणि त्याआधी उष्णता. मार्च-एप्रिलमध्ये काम जोरात असतं तेव्हा टिनाच्या शेडखालची हवाच ४० च्या वर असते, दिव्याच्या आत तर १०० च्याही पुढे जातं. भुकटी तापली की तिचा उजेड मंदावतो. किती मंदावतो हे १५० अंशांपर्यंत मोजायचं आहे, त्या यंत्रावर पुढच्या महिन्यात नंबर लागला आहे.

सकाळी निघताना आई म्हणाली खोकं इथंच ठेव. ठेवता येत नव्हतं. तिला कारण सांगितलं, तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, तवर तू त्याची गरमी पाह्य. मी बायांले इचारून ठेवतो. कमलीच्या सासूले बी बसवू, तिले तं दिवसाबी कमी दिसते." सातच्या एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसले. उमरेडपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं.